सेनापतीचं माप

(स्मृतिव्याख्यानमालेत खालापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकाने लगेच विचारलं, "मग पहिला नंबर कुणाला देणार?" प्रश्न रास्त होता. सेनापतींची चर्चा आपल्याकडे बहुधा अशीच चालते. शिवाजी महाराज आणि नेपोलियन, बाजीराव आणि अलेक्झांडर असे सामने लावायचे आणि शेवटी आपला तो जिंकवायचा. त्यात करमणूक भरपूर होते. परंतु कुणाला कशावरून मोठं म्हणायचं, हे त्यात कधीच ठरत नाही. जिंकलेल्या लढायांवरून? मग ज्याला दुबळे शत्रू मिळाले तो मोठा ठरेल. मारलेल्या माणसांवरून? मग खाटीकच मोठा. शौर्यावरून म्हणावं, तर शौर्य शिपायालाही लागतं आणि बरेचदा सेनापतीपेक्षा त्यालाच जास्त लागतं.

मी आज नंबर देणार नाही. माझा प्रयत्न मापाचा आहे, आणि त्यासाठी फार लांब जायची गरज नाही.

खोपोलीहून पालीच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला सह्याद्रीची भिंत सोबत करू लागते. तिच्या पायथ्याशी अंबा नदीच्या खोऱ्यात चावणी गाव आहे आणि जवळच उंबरखिंडीचं स्मारक. दरवर्षी 2 फेब्रुवारीला तिथे माणसं जमतात, पोवाडे होतात, भाषणं होतात. तुमच्यापैकी निम्मे तरी तिथे जाऊन आले असतील. मला त्या लढाईकडे वेगळ्या बाजूने बघायचं आहे.

1661 सालच्या जानेवारीत महाराजांच्या हातात काय होतं ते आधी पाहू. पन्हाळा मागच्याच वर्षी सोडावा लागला होता. पावनखिंडीत बाजीप्रभू आणि बांदल मावळे गेले होते. पुण्यात शाइस्तेखान मुक्काम ठोकून बसला होता. चाकणचा भुईकोट फिरंगोजी नरसाळ्यांनी दोन महिन्यांच्या आसपास झुंजवला, पण अखेर तोही गेला. एका भुईकोटापायी एवढी माणसं खर्ची पडतात तर डोंगरी किल्ल्यांपायी किती जातील, हा हिशेब खानाने केला आणि नजर कोकणाकडे वळवली. कल्याण, भिवंडी, पनवेल, चौल, नागोठणे हा पट्टा ताब्यात घ्यायचा, म्हणजे किल्ल्यांना हात न लावता मराठ्यांचं उत्पन्न तुटतं. हे काम त्याने कर्तलबखानाला दिलं.

या कर्तलबखानाला आपण पोवाड्यातला मूर्ख खान करून टाकलं आहे. तो मूर्ख नव्हता. बोरघाट ही सगळ्यांच्या माहितीची वाट होती, तिथे मराठ्यांचे डोळे असणार हे त्याने ओळखलं. म्हणून लोहगड-विसापूर बाजूला ठेवून तो कुरवंड्याच्या घाटाकडे वळला. गाजावाजा न करता घाट उतरायचा आणि कोकणात पाय टेकल्यावरच शत्रूला कळू द्यायचं. कागदावर बेत चांगला होता. त्यात एकच खोट होती. हत्ती-घोडे, तोफा, बारदान घेऊन हजारोंची फौज मावळातून चालली असता तिची खबर लपत नाही. फौजेत सगळे परमुलुखाचे होते असंही नाही. गाढे, कोकाटे, जाधव अशी आपल्याच मातीतली घराणी त्यात होती आणि माहूरच्या देशमुख घराण्यातली रायबागनही होती.

आता मराठ्यांची बाजू. खबर लागली, फौज कुठून उतरणार ते कळलं. पुढचा प्रश्न असा की अडवायचं कुठे? घाटमाथ्यावर अडवलं तर खान पाय मागे घेऊन मावळच्या सपाटीवर येतो आणि त्याची पुण्याची वाट मोकळी राहते. कोकणच्या सपाटीवर अडवलं तर त्याची घोडदळाची ताकद उघड्यावर पूर्ण वापरात येते. उरली मधली जागा, दोन्ही बाजूंना रान आणि चढ असलेली निरुंद खिंड. तिथे अडवायचं तर आधी त्याला घाट उतरू दिला पाहिजे. म्हणजे शत्रू डोळ्यांसमोरून खाली येतो आहे, त्याच्या घोड्यांचे खूर ऐकू येताहेत, आणि झाडीत बसलेल्या आपल्या माणसांनी हूं की चूं करायचं नाही. एकाच्या हातून बार आधी उडाला तर सगळं मुसळ केरात. मला विचाराल तर उंबरखिंडीत तलवार चालली त्यापेक्षा ही जी तलवार थांबून राहिली, तिथे सेनापती दिसतो. माणसांना धावायला लावणं सोपं असतं, थांबवून ठेवणं अवघड.

खानाकडे वीस हजार फौज होती असं सांगितलं जातं. आकडा फार मनावर घेऊ नका. खिंडीत आकड्याला अर्थ राहत नाही. बोरघाटात एखादा कंटेनर आडवा झाला की मागे खालापूर टोलनाक्यापर्यंत गाड्या उभ्या राहतात, आणि त्यातली कितीही भारी गाडी असो, तिचा काही उपयोग नसतो. खानाचं तेच झालं. पुढची तुकडी मार खात होती, मधल्यांना काय चाललंय ते दिसत नव्हतं, मागच्यांना मागे सरकता येत नव्हतं, कारण पिछाडीची वाटही मराठ्यांनी धरली होती. तोफा वळवायला जागा नव्हती. रानात वारा नव्हता, आणि घसा कोरडा पडलेल्या फौजेला नदीपर्यंत पोहोचता येत नव्हतं.

कवींद्र परमानंदांनी 'शिवभारता'त हा प्रसंग सविस्तर वर्णिला आहे. परमानंद महाराजांच्या पदरचे कवी, त्यामुळे त्यांचं काव्य जिंकणाऱ्याच्या बाजूचं आहे, हे उघड आहे. तरी एक गोष्ट लक्षात घ्या. त्या सगळ्या प्रसंगात सर्वांत शहाणं बोलणं त्यांनी शत्रूपक्षातल्या रायबागनीच्या तोंडी घातलं. तिने खानाला सुनावलं की इथे येण्यातच चूक झाली आहे, आता फौज मारून घेण्यापेक्षा शरण जा. खानाने ऐकलं, वकील पाठवला, अभय मागितलं. महाराजांनी ते दिलं. खजिना आणि सामान टाकून फौजेने जीव घेऊन जावं, एवढी अट घातली आणि वाट मोकळी केली. रायबागनीचं नाव आपण सेनापतींच्या यादीत घेत नाही. कधी थांबायचं हे खानाला कळत नव्हतं आणि तिला कळलं, एवढ्यावर मी तरी तिला त्या दिवशी मुघल फौजेतली सर्वांत चांगली सेनानी मानीन. तिच्या सल्ल्याने हजारो माणसं घरी गेली.

पुढे काय झालं, हे माझ्या दृष्टीने लढाईइतकंच महत्त्वाचं आहे. मराठ्यांची फौज जवळपास जशीच्या तशी शिल्लक होती. वर मुघलांचं सामान मिळालं होतं. महाराजांनी मुघलांवर नजर ठेवायला नेतोजी पालकरांना मागे ठेवलं आणि स्वतः दक्षिणेकडे निघाले. दाभोळ, संगमेश्वर, मार्चमध्ये राजापूर, एप्रिलअखेर शृंगारपूर. म्हणजे 2 फेब्रुवारीला जी फौज खिंडीत लढली, तिच्या जोरावर तीन महिन्यांच्या आत दक्षिण कोकणचा मोठा पट्टा हाताशी आला. मी ज्याला माप म्हणतो ते हे आहे. लढाई संपल्यावर सेनापतीच्या हाती काय शिल्लक राहिलं आणि त्या शिलकीचं त्याने पुढे काय केलं.

यावर तुमच्यापैकी कुणी म्हणेल की पावनखिंडीचं काय? 13 जुलै 1660 च्या त्या दिवशी बाजीप्रभू गेले, बांदल गेले, मग शिल्लक काय राहिली? श्रोतेहो, शिल्लक राजा राहिला. तो विशाळगडावर पोहोचला. बाजींनी मरण पत्करलं ते एका कामासाठी आणि ते काम झालं. तेव्हा माझ्या मापाने बाजीप्रभू कमी ठरत नाहीत. ज्यांच्याबाबतीत हे माप टोचतं, त्यांच्याकडे आता वळू.

1673 च्या एप्रिलमध्ये आदिलशाहीचा सरदार बहलोलखान पन्हाळ्यावर निघाला होता. पन्हाळा त्याच वर्षी मार्चमध्ये पुन्हा स्वराज्यात आला होता. सरनोबत प्रतापराव गुजरांनी खानाला जत तालुक्यातल्या उमराणीजवळ गाठलं आणि त्याचं पाणी तोडलं. फौज तहानेने कासावीस झाली. खानाने गयावया केली. प्रतापरावांनी त्याला सोडून दिलं.

घडलं काय? तहानेने कोंडलेला खान, अभयाची याचना आणि मोकळी केलेली वाट. बारा वर्षांपूर्वी उंबरखिंडीत अगदी हेच घडलं होतं आणि तो महाराजांचा मोठेपणा म्हणून आपण सांगतो. उमराणीत तेच प्रतापरावांनी केलं आणि महाराज संतापले. मग महाराजांनी केलं तर दया आणि सरनोबताने केलं तर चूक, असं आहे का?

मला तसं वाटत नाही. कर्तलबखान कोकण घ्यायला आला होता. सामान टाकून तो रिकाम्या हाताने परत गेला तेव्हा त्याचं काम फसलं होतं आणि महाराजांचं झालं होतं. त्याला मारून मिळायचं काय? आधीच पुण्यात बसलेल्या शाइस्तेखानाचा राग आणखी भडकला असता आणि त्या फौजेतल्या मराठी घराण्यांशी कायमचं वैर जडलं असतं. उमराणीत उलट होतं. बहलोलखान पन्हाळ्यावर चालून निघालेला होता आणि त्याचा तो इरादा जिवंत सोडण्याने मोडणार नव्हता. तो पुन्हा आलाच. शिवाय शत्रूला सोडायचं की नाही, हा निर्णय राज्याचा असतो. उंबरखिंडीत राजा स्वतः घोड्यावर होता. उमराणीत सरनोबताने राजाच्या वाटणीचा निर्णय एका संध्याकाळी स्वतःच घेऊन टाकला. दया दोन्हीकडे होती. एकीकडे ती हेतूशी जुळलेली होती, दुसरीकडे सुटलेली.

त्यानंतरचं सर्वांना पाठ आहे. महाराजांचं खरमरीत पत्र आलं, बहलोलखानाला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका अशा अर्थाचं. ते प्रतापरावांच्या जिव्हारी लागलं. 24 फेब्रुवारी 1674 ला गडहिंग्लज तालुक्यातल्या नेसरीच्या खिंडीत प्रतापराव आणि सहा सरदार, असे सात जण खानाच्या फौजेवर चालून गेले आणि सातही पडले. कुसुमाग्रजांनी त्यावर कविता लिहिली, लता मंगेशकरांनी ती गायली आणि आज महाराष्ट्रात ती ऐकून ज्याच्या अंगावर काटा येत नाही असा माणूस मिळणं कठीण. माझ्याही येतो. परंतु सेनापती म्हणून बघायचं तर विचारावंच लागतं. त्या दिवशी काय शिल्लक राहिलं? खान जिवंत होता, त्याची फौज जवळपास शाबूत होती आणि मराठ्यांच्या घोडदळाला सरनोबत नव्हता. राज्याभिषेक तीन-साडेतीन महिन्यांवर आला असताना महाराजांना नवा सरनोबत शोधावा लागला. ते हंसाजी मोहिते, म्हणजे हंबीरराव. प्रतापरावांचं शौर्य मोजण्यापलीकडचं होतं. सेनापती म्हणून ते त्या दिवशी चुकले.

याच हिशेबात मी पत्रही धरतो. सर्वोच्च सेनापतीच्या शब्दाचं वजन किती असतं आणि तो कुणाच्या काळजावर कसा पडेल, हे ओळखणं त्याच्याच कामात येतं. मानी माणसाला तोंड दाखवू नका म्हटलं की तो काय करून बसेल, याचा अंदाज तेव्हा चुकला. महाराजांना ते लागलं असणार. पुढे 1680 मध्ये राजाराम महाराजांचं लग्न प्रतापरावांच्या मुलीशी, जानकीबाईंशी झालं. यापेक्षा जास्त मला या बाबतीत बोलायचं नाही.

आता जरा वर बघू. कुरवंड्याच्या वर जो सुळका आहे त्याला आपण नागफणी म्हणतो. इंग्रजांनी त्याला 'ड्यूक्स नोज' म्हटलं, कारण त्यांना त्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाक दिसलं. हा ड्यूक म्हणजे आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. तो जन्मण्याच्या शंभरावर वर्षं आधी कर्तलबखान त्या सुळक्याच्या सावलीतून खाली उतरून फसला होता, पण सुळक्याला नाक मिळालं ते साहेबाचं. असो.

वेलस्लीला या देशात नाव मिळालं ते 23 सप्टेंबर 1803 च्या असईच्या लढाईने. असई जालना जिल्ह्यात, भोकरदनच्या बाजूला. समोर शिंदे-भोसल्यांची कैक पटींनी मोठी फौज आणि शंभराच्या आसपास तोफा. मध्ये नदी, आणि वाटाडे सांगत होते की इथे उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून बघितलं तर नदीच्या अल्याड एक गाव आणि बरोबर समोर पल्याड दुसरं गाव दिसलं. त्याने ताडलं की दोन गावं अशी समोरासमोर वसतात तेव्हा त्यांच्यात येणंजाणं असतंच, म्हणजे तिथे उतार असलाच पाहिजे. होताच. फौज तिथून उतरली आणि मराठ्यांच्या बगलेवर आली. हे बघणं मोठ्या सेनापतीचं आहे, त्यात शंका नाही. आपल्या खेड्यापाड्यांत आयुष्य काढलेल्या माणसालाही ते चटकन सुचलं नसतं.

मग मात्र त्याने दमलेल्या फौजेनिशी, कर्नल स्टीव्हन्सनच्या दुसऱ्या फौजेची वाट न बघता तोफांच्या तोंडावर सरळ हल्ला केला. त्याची मेलेली, जखमी आणि बेपत्ता माणसं 1,584 झाली. रणात उतरलेल्या त्याच्या स्वतःच्या पलटणींपैकी जवळपास तिसरा हिस्सा. लढाई जिंकली, पण पळणाऱ्यांचा पाठलाग करायला बळ उरलं नाही. म्हातारपणी त्याला आपली सर्वांत चांगली लढाई कोणती असं विचारलं तेव्हा त्याने वॉटर्लूचं नाव घेतलं नाही, असईचं घेतलं, असं सांगतात. तो मोठा सेनापती होता, हे मान्य. पण त्याचं मोठेपण मला असईपेक्षा त्या बैलांत जास्त दिसतं, ज्यांच्या चाऱ्यापाण्याची आणि भाड्याची चिंता तो पत्रांमागून पत्रं लिहून करत असे. दख्खनमध्ये फौज बैलांच्या पाठीवर चालते, हे त्याला त्याच्या आधीच्या साहेबांपेक्षा नीट कळलं होतं.

   

बैलांचा विषय निघालाच आहे, तर त्या आधीच्या साहेबांचीही गोष्ट सांगतो. ती तुमच्या रस्त्यावरची आहे. 1778 च्या अखेरीस मुंबईहून इंग्रजांची फौज रघुनाथरावांना पेशवाईच्या गादीवर बसवायला निघाली. पनवेल, खोपोली, बोरघाट, अशीच. चार हजारांच्या आत फौज आणि सामान ओढायला एकोणीस हजारांवर बैल. सेनापती कर्नल एगर्टन आजारी, आणि त्याच्या डोक्यावर मुंबई सरकारने समिती बसवलेली. घाट चढून गेल्यावर ही फौज दिवसाकाठी मैल-दोन मैल सरकत होती. समोर महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके, आणि पुण्यात सगळी सूत्रं धरून नाना फडणवीस. मराठ्यांनी मोठी लढाई टाळली. चारा जाळला, गावं उठवली, तळेगाव रिकामं केलं. 9 जानेवारी 1779 ला इंग्रज तळेगावात पोहोचले तेव्हा खायला काही नव्हतं. दोन दिवसांनी त्यांनी मोठ्या तोफा तळ्यात ढकलल्या आणि माघार घेतली. वडगावला कोंडले गेले आणि तह करून सुटले.

या लढाईत मराठ्यांचा सेनापती कोण होता? महादजी म्हणाल तर खरं, नाना म्हणाल तर तेही खोटं नाही. पण ज्या पाटलांनी आपल्या हाताने आपल्या गंजी पेटवल्या, त्यांची नावं कुठे आहेत? लोकांच्या लक्षात राहिला तो शत्रूचा कॅप्टन स्ट्युअर्ट. तो 4 जानेवारीला कार्ल्याजवळ मेला. मराठ्यांनीच त्याच्या धाडसावर खूश होऊन त्याला 'इष्टुर फाकडा' म्हटलं, आणि वडगावात आजही लोक त्याला हात जोडतात. शत्रूच्या शौर्याला दाद देणारा आमचा हा स्वभाव मला आवडतो. पण त्याच स्वभावामुळे मरण पत्करणाऱ्याला आपण भरभरून गुण देतो आणि मरण टाळून काम फत्ते करणाऱ्याच्या पारड्यात काहीच पडत नाही.

दोन वर्षांनी जनरल गॉडार्ड आला. हा खरोखर नावाजलेला सेनापती. बंगालची फौज मध्य हिंदुस्थानातून पायी सुरतेपर्यंत आणून त्याने अख्ख्या इंग्रजी जगाची वाहवा मिळवली होती, मग अहमदाबाद घेतलं, वसई घेतली. 1781 च्या फेब्रुवारीत त्याच्या फौजेने बोरघाटाचा माथा धरला. तो पुढे येण्याची मराठ्यांनी वाट पाहिलीच नाही, ते त्याच्या मागे गेले. पनवेलहून घाटाखाली येणाऱ्या रसदेवर परशुरामभाऊ पटवर्धनांनी छापे घालायला सुरुवात केली, याच चौक-खालापूरच्या पट्ट्यात. एप्रिलमध्ये गॉडार्डने माघार घेतली तेव्हा पनवेल गाठेपर्यंत त्याची साडेचारशेच्या वर माणसं पडली. हिंदुस्थान ओलांडून आलेला सेनापती तुमच्या तालुक्यात चाऱ्यापाण्याला मोताद झाला.

आता नेतोजी पालकरांविषयी बोलणं भाग आहे, कारण ते चौकचे म्हणून सांगितले जातात, आणि चौककर मंडळी समोर बसली आहेत.

नेतोजी हे सरनोबत. लोक त्यांना प्रतिशिवाजी म्हणत. त्यांच्या कामाचं स्वरूप बघा. महाराज एका दिशेला गेले की शत्रूला दुसऱ्या दिशेला गुंतवून ठेवायचं. उंबरखिंडीतली पिछाडी सांभाळली ती त्यांनीच, असं आपल्याकडे सांगतात. नंतर मागे राहून मुघलांवर नजर. या कामाचं दुर्दैव असं की ते नीट झालं तर दिसत नाही. जी फौज हलू शकली नाही, जी लढाई झालीच नाही, त्याचा पोवाडा कोण रचणार? चूक झाली तर मात्र ती लगेच दिसते. 1660 मध्ये पन्हाळ्याचा वेढा त्यांना फोडता आला नाही. 16 जानेवारी 1666 ला महाराजांनी पन्हाळ्यावर छापा घातला तेव्हा नेतोजी वेळेवर पोहोचले नाहीत. सुमारे हजार माणसं पडली. महाराजांनी त्यांना काढून टाकलं. नेतोजी आधी विजापूरकरांकडे, मग मिर्झाराजांच्या मध्यस्थीने मुघलांकडे पंचहजारी मनसबीवर गेले. महाराज आग्र्याहून निसटल्यावर औरंगजेबाने नेतोजींना कैद केलं, 1667 मध्ये धर्म बदलायला लावला आणि महंमद कुलीखान या नावाने पार काबूलच्या बाजूला धाडलं. नऊ-दहा वर्षांनी दिलेरखानाबरोबर ते दख्खनमध्ये आले आणि महाराजांकडे परतले. 19 जून 1676 ला त्यांना शुद्ध करून घेतलं गेलं.

नेतोजींना मोठं म्हणायचं की नाही? पन्हाळ्याच्या एका रात्रीवर त्यांना मोजलं तर नाही. परंतु एका रात्रीवर माणूस मोजायचा असेल तर पुरंदरच्या तहावर महाराजांनाही मोजावं लागेल आणि आपण ते करत नाही, योग्यच करतो. नेतोजींच्या घोडदळाने सात-आठ वर्षं जे ओझं वाहिलं, त्याच्या आधारावर महाराजांना मोकळे हात मिळाले. पन्हाळ्याला उशीर झाला हे खरं, शत्रूकडे गेले हेही खरं. त्यांचं मोठेपण या दोन गोष्टींसकट सांगा. त्या लपवून उभा केलेला नेतोजी पुतळ्यापुरता बरा.

परतल्यावर महाराजांनी त्यांना पदरी घेतलं, यातूनही महाराजांचं माप कळतं. नऊ-दहा वर्षं मुघलांच्या चाकरीत काढलेल्या माणसाच्या हाती पुन्हा काय द्यावं आणि काय देऊ नये, हे ठरवणं काही सोपं नव्हतं. ते सरनोबत मात्र पुन्हा झाले नाहीत.

अलीकडचं थोडं बोलून थांबतो. आपल्याच जिल्ह्यातले, अलिबागला जन्मलेले जनरल अरुणकुमार वैद्य 1971 च्या युद्धात रणगाड्यांच्या ब्रिगेडचे प्रमुख होते. बसंतर नदीच्या बाजूला सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून काढलेल्या अरुंद वाटेने त्यांनी रणगाडे पलीकडे नेले, पुढे राहून नेले. वाट तीच, कर्तलबखानासारखी निरुंद. फरक एवढाच की वैद्यांना पुढे काय आहे ते माहीत होतं.

आणि दुसरे लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात, कोल्हापूरच्या वडगावचे. 1945 साली ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत त्यांनी डीएसओ हा लष्करी सन्मान मिळवला. पण माझ्या मते त्यांचं खरं काम ऑक्टोबर 1959 मधलं आहे. लष्कराच्या पूर्व विभागाचे प्रमुख असताना त्यांनी नेफाच्या, म्हणजे ईशान्य सीमाभागाच्या, बचावाचा आराखडा दिल्लीला पाठवला. अगदी सीमारेषेवर चौक्या मांडून लढू नका. मागे आपल्या सोयीच्या डोंगररांगेवर ठाण मांडा, चिन्यांना आत येऊ द्या, त्यांची रसद ताणली जाऊ द्या आणि मग भिडा. उंबरखिंडीत जे झालं त्याचीच ही विसाव्या शतकातली मांडणी होती. 1960 च्या मार्चमध्ये लखनौला त्यांनी 'लाल किल्ला' नावाचा सराव घेऊन हे सप्रमाण दाखवलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना ही उगाच घबराट वाटली. थोरात 1961 मध्ये निवृत्त झाले, सेनाप्रमुखपद दुसऱ्याकडे गेलं, आणि 1962 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात जे व्हायचं ते झालं. पराभवानंतर नेहरूंनी त्यांना बोलावून घेतलं आणि तो जुना कागद मागवून वाचला, हे थोरातांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. न लढलेल्या लढाईचं श्रेय सेनापतीला देता येतं का? मी देतो.

मंडळी, पुढच्या 2 फेब्रुवारीला शाळांनी मुलांना उंबरखिंडीत जरूर न्यावं. मात्र चावणीला एसटी उभी करून, स्मारकापाशी घोषणा देऊन परत आणू नका. लोणावळ्याच्या बाजूने कुरवंड्याला जा आणि तिथून घाट उतरा, म्हणजे कर्तलबखानाच्या वाटेने. वाटेत दोन-तीन ठिकाणी मुलांना थांबवा आणि विचारा, आता इथे हल्ला झाला तर तुम्ही काय कराल? त्यांची उत्तरं शिक्षकांनी लिहून घ्यावीत आणि व्याख्यानमालेकडे पाठवावीत, इथे पुढच्या वर्षी ती वाचून दाखवता येतील. वाट निसरडी आहे, गावातला माहीतगार माणूस बरोबर घ्या. पाणी वरूनच भरून घ्या.